आज्जीच्या लुगड्यांची वाकळ : कामाच्या नोंदी

आज्जी गेल्या श्रावणात गेली. तिची लुगडी ट्रंकेत आहेत, त्यांची वाकळ शिवायची ठरवलं आहे. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वाकळच. मला शर्टाचं बटण लावता येतं, त्यापलीकडे शिवणकाम येत नाही. घरात कुणाची जुनी लुगडी, धोतरं पडून असतील आणि हेच करावंसं वाटत असेल, तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात म्हणून तारखेसकट लिहून ठेवतो आहे. मुदत आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ३० एप्रिल. त्या दिवशी पितरांना नैवेद्य दाखवतात. तोवर वाकळ घरात पसरलेली असावी एवढीच इच्छा आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. सकाळच्या एसटीने दहिवडी, तिथून गावी. आत्या आधीच येऊन सोपा (ओसरी) झाडून बसली होती. तिला शेजारच्याच गावात दिली आहे. आज्जीबरोबर वाकळी शिवलेली घरातली ती एकटीच उरली.

ट्रंक उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात बसला. आत निघालं ते असं: रोजची सुती पातळं तीन. इरकली दोन, एक हिरवं, एक काळं, दोन्हींचे टोपपदर लाल. एक दंड घातलेलं, म्हणजे दोन सांधून एक केलेलं लुगडं, अर्धं हिरवट, अर्धं मरून. आजोबांची दोन धोतरं. खणाच्या चोळ्यांचे तुकडे, गाठोडं बांधलेले. आणि सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, घडी न मोडलेलं एक निळं नऊवारी. २००९ साली माझ्या पहिल्या पगारातून मी आणलेलं. ती ते नेसली नाही, हे मला आज कळलं.

"चांगलं हाय म्हून ठिवलं हुतं," आत्या म्हणाली. "यील त्याला दावायची. नातवानं आणलं म्हनायची."

सगळं दोन पिशव्यांत भरून पुण्याला आणलं. जोडीला तिने पांघरलेली शेवटची वाकळही घेतली, नमुना म्हणून.

२६ जानेवारी, रविवार

ही चूक सगळ्यांत मोठी, म्हणून सविस्तर लिहितो.

डांबराचा वास जाईना म्हणून काल रात्री सगळी लुगडी वॉशिंग मशीनमध्ये घातली. पावडर नेहमीचीच. कापड सुती, त्याला काय होतंय, असं वाटलं. सकाळी दार उघडलं तर निळं लुगडं घडीवर चिरलेलं. फाटलेलं म्हणत नाही, चिरलेलंच. पंधरा वर्षं एकाच घडीत राहिलं की घडीच्या रेषेवरचे धागे कुजतात. उघडून बघताना काही दिसत नाही, पाण्यात पिळ बसला की सरळ रेषेत सुटतात. सहा ठिकाणी गेलं. आज्जीने घडी मोडली नव्हती, ती मी अशी मोडली. त्यानंतर दिवसभर कामाला हात लावला नाही.

दुसरं नुकसान रंगाचं. काळ्या इरकलीच्या टोपपदराचा लाल रंग सुटला आणि एक धोतर गुलाबी झालं. इरकलीचं अंग बहुधा सुती असतं, पदर रेशमाचा नाहीतर रेयॉनचा, आणि त्याचे उभे धागे मागावरच अंगाच्या धाग्यांत फासे घालून जोडलेले असतात. म्हणजे एकाच लुगड्यात दोन तऱ्हेचं कापड. दोन्हींना एकच धुणं चालत नाही. इरकल बाकीच्या कपड्यांपासून वेगळं धुवा. मी धुतलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गावी. निळ्या लुगड्याचं आत्याला सांगताना आवाज बसला होता. तिने लुगडं हातात घेतलं, चिरांवरून बोट फिरवलं. "आत घालू. वाकळीत काय वाया जात न्हाय."

मग सगळं धुणं पुन्हा तिच्या पद्धतीने केलं. पद्धत अशी: दहा-बारा रिठे फोडून, बिया काढून, साली रात्रभर पाण्यात. सकाळी उकळी, थंड झालं की कुस्करून गाळून घ्यायचं. त्या फेसात लुगडं नुसतं बुडवायचं, दाबायचं, पुन्हा बुडवायचं. घासायचं नाही, आपटायचं नाही, पिळायचं तर अजिबात नाही. बाहेर काढताना दोघांनी दोन टोकांना धरायचं, कारण ओल्या कापडाचं वजनच जुन्याला फाडतं. सावलीत, आडव्या दांडीवर. डांबराचा वास एका धुण्यात निम्मा गेला, उरलेला दोन दिवसांच्या वाऱ्याने.

लुगडी वाळत असताना आत्या जुन्या धुण्यांबद्दल बोलत होती. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळी ओढ्यावर जायच्या. एकेक भिजलेली वाकळ दोन बायांना उचलत नसे. आज्जी गुडघाभर पाण्यात उभी राहून पायाने तुडवायची आणि मुलांना काठावरच्या दगडांवर राखणीला बसवायची, शेळ्या वाळत्या वाकळींवर चढू नयेत म्हणून. तिथे मीही बसलो आहे. गरम दगडावर पसरलेल्या ओल्या सुताचा वास मला आत्ताही येतो.

९ फेब्रुवारी, रविवार

पुण्यात. खरेदी आणि पहिली मांडणी. दोन्ही चुकल्या.

शिवणयंत्राचा दोरा घेतला, पॉलिएस्टरचा, चार रिळं. सुया साध्या. वर अस्तर म्हणून नवं कापड साडेतीन मीटर. यातलं काहीच वाकळीत गेलं नाही.

घरातली फरशी मोकळी केली. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याची चार पदरी घडी घातली की लांबी पावणेसात फूट होते, माणसाच्या अंथरुणाएवढी. पन्हा चार फुटांचा. म्हणजे न कापता, न जोडता एका लुगड्यात वाकळीचे चार थर तयार. हे फरशीवर पसरल्यावर ध्यानात आलं आणि बरं वाटलं. त्या भरात मी दोन लुगडी चार-चार पदरी घातली आणि ऊब जास्त यावी म्हणून मध्ये एक नवी चादरही. नऊ थर.

सुई आत जाईना. जोर लावला तर पहिली मोडली, दुसरी वाकली. दाभण घेतलं तर भोकं एवढी मोठी पडली की टाका बसेना. पॉलिएस्टरचा दोरा ओढला की जुन्या सुतात तारेसारखा रुततो आणि कापड कापतो. चार तासांत दीड फूट शिवलं, ते रात्री उसवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सुई हातात धरली नाही. आज्जीची वाकळ खिडकीशी उजेडात पसरली आणि भिंग घेऊन तीन तास बघत बसलो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

दिसलं ते लिहितो. थर पाच. वरून पातळ, खालून पातळ, मध्ये चिंध्या, पण चिंध्यासुद्धा कडेला कड लावून मांडलेल्या, एकावर एक चढवलेल्या नाहीत. त्यामुळे कुठे गाठोडं नाही, कुठे पोकळी नाही. टाका धावदोऱ्याचा. वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा, खालच्या बाजूला त्याहून थोडा मोठा. दोन ओळींतलं अंतर एक बोट. ओळी कडेवरून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत आत मध्यापर्यंत जातात. गाठ कुठेच सापडली नाही. दोरा संपला की ती तीन टाके उलटे घ्यायची आणि टोक थरांच्या आत सोडायची. गाठ अंगाला टोचते, आणि धुण्यात आधी तीच सुटते.

दोरा पांढरा, सुती, जाड. आता पिवळा पडला आहे.

कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळं. तीन कोपऱ्यांना खण, चौथ्याला खाकी. ते खाकी कापड माझ्या शाळेच्या चड्डीचं आहे. शिवणीजवळ निळ्या शाईचा डाग अजून आहे. ठिगळं शोभेसाठी नसतात. वाकळ उचलताना, झटकताना, वाळत घालताना माणूस कोपराच धरतो, म्हणून तो आधी झिजतो.

एका बाजूला साधारण हातभर जागेत टाके मोठे होतात, ओळ तिरकी जाते, एका ठिकाणी दुसऱ्या ओळीला जाऊन मिळते. पुढे परत सरळ. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता तेव्हाचं काम असणार. ऑपरेशन होईपर्यंत ती थांबली नव्हती, बोटाने चाचपून शिवत राहिली होती. त्या हातभर जागेवर मी बराच वेळ हात ठेवून बसलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

गावी. नव्याने खरेदी झाली होती: जाड सुती दोऱ्याच्या पाच गुंड्या, लांब सुयांचं पाकीट, मेणाचा तुकडा, अंगुस्तान. दोरा मेणावरून दोनदा ओढून घेतला की पीळ सुटत नाही आणि थरांतून सहज सरकतो.

आत्याने थर ठरवले. खाली रोजचं पातळ. मध्ये पांढरं धोतर आणि निळ्या लुगड्याचे दोन थर, चिरलेल्या जागा एकमेकींवर येणार नाहीत अशा सरकवून. वर दंडाचं लुगडं. एकूण पाच. इरकली दोन्ही जिवंत होती, ती कापली नाहीत. एक आत्याने ठेवलं, एक मी.

वर दंडाचंच का, असं मी विचारलं. हिरवं इरकल वर जास्त खुललं असतं. आत्याने सुई खाली ठेवली.

दंड म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: लुगडं आधी मधोमध विरतं. मग दोन विरलेल्या लुगड्यांचे धड राहिलेले भाग कापून एकमेकांना सांधायचे आणि एक नेसतं लुगडं करायचं. तो सांधा म्हणजे दंड. हे हिरवट-मरून लुगडं १९७२च्या दुष्काळातलं. आत्या तेव्हा दहा वर्षांची. आज्जी तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची आणि आत्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, कडेवर घेऊन दुष्काळी मदतीत मिळणाऱ्या सुकडीच्या रांगेत उभी राहायची. घरी तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी. तिला चव नाही म्हणून वडील रडायचे, मग आज्जी हुलग्याचं माडगं करून त्यात ती कुस्करून द्यायची. नवं लुगडं घेणं शक्यच नव्हतं. आज्जीने एका रात्री चिमणीच्या उजेडात दोन लुगड्यांचं एक केलं आणि सकाळी ते नेसून कामावर गेली. कामावरच्या निम्म्या बायका दंडाची लुगडीच नेसलेल्या होत्या, असं आत्या सांगते.

"चांगले दिस आले, तरी हे टाकलं न्हाय तिनं. दर वर्साला उनात घालायची."

मग दुसरा विचार केला नाही. दंड बरोबर वाकळीच्या मध्यावर येईल असं मापून कापलं. एकीकडे हिरवट, एकीकडे मरून. दंडाची शिवण दुहेरी दुमडीची आहे, टाके इतके बारीक की नखाने चाचपावे लागतात. चिमणीच्या उजेडातले. ती उसवली नाही.

थर पसरले, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन दगड ठेवून ताणले. कडा दुमडल्या. काळ्या पातळाचे काठ कापून चारी बाजूंनी गोट लावला. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, अंग विरलं तरी काठ टिकतो, म्हणून कडेला तोच. संध्याकाळच्या एसटीची वेळ झाली. आत्या म्हणाली, कच्चा दोरा, म्हणजे थर हलू नयेत म्हणून तात्पुरते ढिले टाके, घालून मग जा. उशीर होत होता. मी म्हटलं, पुण्यात घालतो.

५ मार्च, बुधवार

कच्चा दोरा घातला नाही. कडा घट्ट शिवल्या आहेत, थर हलणार नाहीत, असं वाटलं. रोज रात्री जेवणानंतर तास-सव्वा तास बसत होतो. तीन फेऱ्या झाल्या. आज वाकळ जमिनीवर सपाट पसरली तर मध्यभागी उशीएवढा फुगा. कडेने आत येताना प्रत्येक फेरी वरचं कापड किंचित पुढे ढकलते. सगळी ढील मध्यावर जमा होते. हाताने दाबली तर दुसरीकडे उठते. शिवत गेलो असतो तर शेवटी तिथे चुण्यांची गाठ बसली असती.

तिन्ही फेऱ्या उसवणं भाग होतं. साधारण साडेअठरा मीटर शिवण.

९ मार्च, रविवार

उसवायला तीन तास. शिवताना गेलेले सात धरले तर दहा तास वाया.

आत्याला बोलावून घेतलं. ती दोन दिवस राहिली. कच्चा दोरा तिने असा घातला: मध्यापासून सुरुवात, आधी उभा एक, आडवा एक, मग कोपऱ्यांकडे तिरके दोन, मग हातभर अंतरावर जाळी. टाके वितीएवढे लांब, ढिले. घालताना डाव्या तळहाताने कापड मध्यापासून बाहेर सारखं सारवत राहायचं. तिचा हात जमीन सारवताना फिरावा तसाच फिरत होता. आज्जीचाही तसाच फिरायचा. सगळं दीड तासात झालं. दीड तास वाचवायला गेलो आणि दहा घालवले.

दोऱ्याचंही तिने सुधारलं. सारखं ओवावं लागू नये म्हणून मी तीन मीटरचा दोरा दुहेरी घ्यायचो. तो दर चार टाक्यांना गुंतायचा. तिने दोन्ही हात पसरले, या बोटापासून त्या बोटापर्यंत, एक वाव. एकेरी. "ह्याच्याहून मोठा घेतला तर दोराच खेळवत बसशील."

२३ मार्च, रविवार

अकरा फेऱ्या पूर्ण. हात बसला आहे. सुरुवातीला तासाला अडीच मीटर जात होतं, आता साडेतीन. फुगा नाही. एका वेळी सुईवर चार टाके भरून मग ओढायचं, प्रत्येक टाका वेगळा ओढायचा नाही. ओढताना दोरा ताणायचा नाही, कापडाला टेकला की सोडून द्यायचा. ताणला की ओळ आक्रसते आणि वाकळ वाळलेल्या पापडासारखी वळते. चौथ्या-पाचव्या फेरीत ते थोडं झालं आहे, तसंच ठेवलं.

किती दोरा लागतो ते पुढच्यांना सांगता यावं म्हणून वहीत सुया मोजत होतो. एक ओवलेली सुई म्हणजे एक वाव दोरा, त्यात सव्वा मीटर शिवण होते. वाकळ पावणेसात फूट बाय चार, ओळी बोटभर अंतरावर, म्हणजे एकूण शिवण सव्वाशे मीटर. शंभर सुया.

शंभर आकडा लिहिला आणि थांबलो.

मी तिसरी-चौथीत असताना आज्जीला सुई ओवता यायची नाही. शाळेला जायच्या आधी तिच्या दहा सुया ओवून ठेवणं हे माझं काम होतं. ती सोप्यात बसून हात पसरून दोरा मापायची, दातांनी तोडायची, मी ओवायचो आणि कापडाच्या बोळ्यात ओळीने टोचून ठेवायचो. पत्र्याच्या डब्यात तो बोळा असायचा. संध्याकाळी घरी आलो की दहाही सुया रिकाम्या. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास वाकळ पूर्ण झालेली असायची. दहाच का, हे मी कधी विचारलं नव्हतं. रोज दहा म्हणजे शंभर सुयांची वाकळ दहा दिवसांत, सण-पाहुणे धरून पंधरवड्यात.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "मोजून न्हाय रं. दुपारची भांडी झाली की बसायची आन् म्हशीच्या वैरणपाण्याला उठायची. तेवढ्यात दहाच व्हायच्या."

तीन तास धरले तरी दहा सुया, म्हणजे तासाला चार मीटरच्या पुढे. मोतीबिंदू असताना. माझ्या तरण्या डोळ्यांनी मी अजून तिथवर पोचलो नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

शिवण नाही. सणादिवशी सुई धरायची नाही, हा तिचा नियम.

१३ एप्रिल, रविवार

वीस फेऱ्या. गेला आठवडा फुकट गेला. शिखर शिंगणापूरची यात्रा, घरी पाहुणे, आणि माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सुईच्या मागच्या टोकाने खड्डा पडून पू झाला. अंगुस्तान विकत आणलं होतं, पण ते घातलं की बोटाला कापड कळत नाही म्हणून काढून ठेवत होतो. आत्या चिंधी गुंडाळते, दोन वेढे, वर दोऱ्याची गाठ. आता तेच करतो. चिंधीतून सुईही ढकलता येते आणि कापडही कळतं.

दंडाची जागा फार जड गेली. तिथे दुमडीमुळे थर आठ होतात. प्रत्येक फेरी ती शिवण दोनदा ओलांडते. घाई केली तिथे दोन सुया मोडल्या. उपाय साधा निघाला: दंडापाशी आलं की चार टाके भरायचे नाहीत, सुई उभी धरून एकेक टाका वर-खाली घ्यायचा. दर फेरीला दहा मिनिटं जास्त.

२७ एप्रिल, रविवार

गावी, सोप्यात, आज्जी बसायची त्याच खांबाशी. शेवटच्या दोन फेऱ्या तिथेच पूर्ण केल्या. एकूण तीस. मधली शेवटची ओळ आत्याने घेतली नाही, मलाच घ्यायला लावली.

मध्ये विताभर चौकोनी तुकडा लावतात, त्याच्या खाली आत्याने पाच ज्वारीचे दाणे ठेवले. आमच्या घरची रीत आहे, उपाशी वाकळ पांघरायची नाही. चौकोनासाठी हिरव्या खणाचा तुकडा घेतला. कोपऱ्यांना खणाचे तीन त्रिकोण. चौथा माझ्या मुलीच्या शाळेच्या जुन्या फ्रॉकचा, तिनेच काढून दिला होता.

मग कच्चे दोरे ओढून काढले. ते घालायला दीड तास, काढायला पाच मिनिटं.

मापली: सहा फूट पाच इंच बाय तीन फूट दहा इंच. शिवणीत एवढं आक्रसतं, कापताना सोडून ठेवा. वजन सव्वा किलोच्या आसपास.

३० एप्रिल, बुधवार, आखिती

रजा घेतली. मातीच्या करा-केळीत पाणी भरलं, पन्हं, आमरस, कुरडया, पुरणाची पोळी. पितरांना नैवेद्य दाखवल्यावर घरात या वर्षीचा पहिला आंबा कापला. आज्जीचं पान यंदा पहिल्यांदाच पितरांत.

वाकळ माजघरात पसरली होती. दुपारी बायका येऊन बघून गेल्या. त्या उलटी करून मागची बाजू बघतात, पुढची कुणी बघत नाही. एका म्हातारीने दंडावरून हात फिरवला आणि आज्जीचं नाव घेतलं. मी काही सांगितलं नव्हतं. तलावाच्या कामावर ती आज्जीच्या शेजारी खडी फोडायला असायची. लुगडं तिने ओळखलं.

रात्री आत्याच त्यावर झोपली.

१८ मे, रविवार

पहिलं धुणं. दुपारनंतर वळवाची भीती, म्हणून सकाळीच रिठ्याच्या पाण्यात, पायाने अगदी हलकं तुडवून. रंग सुटला नाही. दोन ठिकाणी टाके निसटले, दोन्ही मी उलटे टाके कंजूषपणे घेतलेल्या जागा. तीनच्या ऐवजी दोन घेतले होते. पुन्हा घेतले. दंड जसाच्या तसा आहे.

हिशोब. कामी आलेलं: दोरा पाच गुंड्या २०० रुपये, सुया दोन पाकिटं ६०, मेण आणि अंगुस्तान ७०, रिठे ८०. वाया गेलेलं: पॉलिएस्टरचा दोरा १२०, अस्तराचं कापड ४९०. गावी येण्या-जाण्याचा खर्च वेगळा, तो कामात धरत नाही. वेळ: शिवण ४४ तास, धुणं-मांडणी-कच्चा दोरा मिळून ११, उसवण्यात आणि चुकांत गेले १६.

दोरा साडेतीन गुंड्यांतच भागला. दीड गुंडी उरली, ती आज्जीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. आत्याच्या घरी पातळं साठली आहेत, तिला आता स्वतःची वाकळ धरायची आहे. पण तिलाही सुईचं नेढं दिसेनासं झालंय, डॉक्टर दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हणतात. एसटीला अर्धा तास होता. तिने हात पसरून दोरा मापला, दातांनी तोडला. दहा सुया ओवून बोळ्यात टोचून निघालो. पुढच्या रविवारी परत येतो.